शोकाकुल घराची वाट

भक्तजनहो,

मठाच्या वर्धापनदिनी आनंदाचे बोलावे, हा शिष्टाचार खरा. परंतु या सभेत अशीही कुटुंबे बसलेली आहेत की, ज्यांच्या घरी यंदा एक पाट कायमचा रिकामा झाला. त्यांना वगळून हा उत्सव पुरा व्हावयाचा नाही. म्हणून देहूच्या एका दुःखी घराची हकीकत आपणांपुढे मांडतो.

ते घर श्रीतुकोबारायांचे. आईबाप गेले, थोरले बंधू सावजी पत्नीवियोगानंतर तीर्थाटनास निघून गेले, पुढे इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात प्रथम पत्नी रखुमाबाई व पुत्र संतू यांसही काळाने नेले. घर दुभंगावयास एवढे पुरेसे होते. परंपरा सांगते की, तुकोबांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. एक धाकट्या कान्होबांस दिला, आपला इंद्रायणीत सोडिला. एकाच दुःखातून एक भाऊ भजनाकडे वळला, दुसऱ्याने प्रपंच सांभाळिला. तरी बंधुभाव तुटला नाही. आपल्या घरांत मात्र मृत्यूपेक्षा आपला आग्रहच अधिक घात करितो. ‘त्याला रडू येत नाही, म्हणजे त्याला दुःखच नाही,’ असे म्हणून माणसे एकमेकांस पारखी होतात.

परंपरेनुसार शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, तुकोबा वैकुंठास गेले. तेव्हा त्याच कान्होबांनी शोकाचे अभंग रचिले व प्रत्यक्ष पांडुरंगास जाब विचारून आपला भाऊ परत मागितला. वारकऱ्यांनी ते शब्द पाखंड म्हणून टाकिले नाहीत, गाथेसोबत जपले. देवाशी भांडणारा शोकही भक्तीच होय.

जिजाबाई त्या वेळी गर्भवती होत्या, असे सांगतात. पित्याचे मुख न पाहिलेल्या त्या पुत्राने, नारायणमहाराजांनी, इ. स. १६८५ मध्ये पित्याच्या पादुका पालखीत ठेविल्या आणि आळंदीहून माउलींच्या पादुका घेऊन पंढरीची वाट धरिली. ज्यास वडिलांचा सहवास लाभला नाही, त्याने असंख्यांना सोबत मिळवून दिली.

तेव्हा दुःखी कुटुंबांस एवढेच विनवितो : गेलेल्याचे नाव घरात मोकळेपणी घ्या, न रडणाऱ्यास दोष देऊ नका, आणि सायंकाळचा हरिपाठ असो वा रात्रीचे भोजन, एक तरी गोष्ट सर्वांनी मिळून करा. इतरांस विनंती ही की, तेराव्यानंतर त्या उंबरठ्यावरची वर्दळ थांबते. आपली पावले तेव्हाच तिकडे वळावीत. मठाची तीही सेवाच आहे.

रामकृष्णहरि.