तेरची माती

 

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. पुष्कळांना ते ठाऊक आहे संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून. चैत्रात काकांच्या पुण्यतिथीला तिथं यात्रा भरते, दिंड्या येतात. समाधीचं दर्शन घ्यायचं आणि घरची वाट धरायची, असा आपला रिवाज. माझं सांगणं एवढंच, की यंदा लगेच परतू नका. गावातल्या त्रिविक्रमाच्या देवळापर्यंत जाऊन या.

हे देऊळ विटांचं आहे. त्याची मागची बाजू चौकोनी नाही, हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. कार्ल्याचं किंवा भाज्याचं लेणं तुम्ही पाहिलं असेल, तर तिथला चैत्य आठवेल. हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं आणि मागाहून इथं त्रिविक्रमाची स्थापना झाली असावी, असं हेन्री कझिन्स या संशोधकानं विसाव्या शतकाच्या आरंभी म्हटलं. ते मत सर्वांनाच मान्य नाही. पण महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या अतिशय जुन्या बांधीव वास्तूंपैकी ही एक आहे. आत मूर्ती आहे ती बळीराजापुढं पाऊल उचलणाऱ्या त्रिविक्रमाची.

आता तुम्ही विचाराल, एवढं जुनं देऊळ या लहानशा गावात कसं? तर मंडळी, हे गाव एके काळी लहान नव्हतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं प्रवासवर्णन लिहिलं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथून तऱ्हेतऱ्हेचं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जातं, असं त्यात आहे. ते तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या पंडितानं १९०१ साली दाखवून दिलं. १९५८ साली इथं उत्खननही झालं.

इथं एक हस्तिदंती बाहुली सापडली आहे. तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात मिळाली, आणि ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तेरच्या काही जुन्या विटा तर पाण्यावर तरंगतात. मातीत तूस मिसळलं, की भट्टीत ते जळून जातं, बारीक छिद्रं राहतात आणि वीट हलकी होते. गोरोबाकाकांच्या कितीतरी आधीपासून या गावाला मातीची अशी जाण होती.

या वस्तू आज पाहायला मिळतात त्या तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळं. त्यांनी जन्मभर त्या जमवल्या आणि त्यांतून गावात त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं.

आता कामाची गोष्ट. आपल्याकडे माळवदावर घालायला पांढरीची माती आणायची जुनी चाल आहे. पण पांढरी म्हणजे पूर्वजांची मोडलेली घरं. खोऱ्याच्या एका घावाबरोबर मणी, नाणं, खापर वर येतं. पोरं ते खिशात घालतात, कुणी फिरत्या माणसाला पाच-पन्नास रुपयांना विकून टाकतो. वस्तू गेली ती गेलीच, आणि ती कुठं, किती खोल, कशाशेजारी होती हेही गेलं. जागा ठाऊक नसलेलं नाणं मुकं होतं.

म्हणून शेतकरी बंधूंनो, असं काही दिसलं तर तिथंच हात थांबवा. तलाठ्याला, तहसीलदाराला किंवा संग्रहालयाला कळवा. जमिनीत पुरलेलं मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ पासून कायदाच आहे. आणि गुरुजी, तुम्ही एक करा. मुलांना त्या देवळापाशी न्या, विटा मोजमापून वहीत उतरवायला सांगा. मात्र एकही वीट हलवू देऊ नका. ज्या मुलानं वीट मोजली, तो मोठेपणी ती उपसून नेणार नाही.

तेव्हा यंदा यात्रेला गेलात, तर देवळापाशी जरूर थांबा. रामराम.