शास्त्रवचन वाचावें कसें?



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं जवळा बाजार येथें आपणांपुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही आनंदानें शिरसावंद्य मानतों. सोहळ्याच्या दिवशीं मागील उपकारांचें स्मरण करावें हें योग्यच. पण पुढील वाटचालीसाठीं शिदोरीही बांधून घ्यावी. म्हणून पवित्र शास्त्र कसें वाचावें, हा विषय आम्हीं निवडला आहे.

यास एक दुःखद कारण घडलें. एका वर्षीं काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळला आणि आमच्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाचें सोयाबीन शेतांतच कुजलें. समाचारास गेलेल्या एका सद्गृहस्थांनीं त्या घरीं संत पौलाचा आधार देऊन सांगितलें कीं, माणूस जें पेरतो त्याचेंच पीक त्याच्या पदरीं पडतें. तेव्हां आपलें कोठें चुकलें तें शोधा. बोलणाऱ्याच्या मनांत दुष्टावा नव्हता. परंतु त्या घरची माउली पुढें कित्येक रविवार मिस्सेला आली नाहीं. ज्या शास्त्रानें धीर द्यावयाचा, त्याच शास्त्राचा तिला घाव बसला.

आतां तें वचन त्याच्या मूळ ठिकाणीं जाऊन पाहूं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत तें आहे. हें पत्र पौलानें पहिल्या शतकाच्या मध्यास, हल्लींच्या तुर्कस्तानांतील ख्रिस्ती मंडळ्यांना ग्रीक भाषेंत लिहिलें. त्यांत अध्याय नव्हते, ओळींचे आंकडेही नव्हते. अध्याय 13व्या शतकांत पडले आणि आंकडे 16व्या शतकांत. तें पत्र म्हणजे सलग बोलणें होय. तसेंच सलग वाचलें, तर पेरणीच्या वाक्याच्या थोडें आधींच एकमेकांचें ओझें वाहण्याची आज्ञा आढळते. लगेच, शिक्षण देणाऱ्या गुरूला आपल्याजवळच्या चांगल्या गोष्टींत वांटेकरी करण्यास पौल सांगतो. आणि नंतर, सत्कर्म करितांना न थकण्याचा व सर्वांचें हित साधण्याचा उपदेश येतो. म्हणजे आपलें द्रव्य व श्रम देहसुखासाठीं वेंचावे कीं आत्म्यासाठीं, हा तेथील प्रश्न आहे. ज्याचें पीक बुडालें त्याचें पाप हुडकण्यासाठीं तें वचन लिहिलेलें नाहीं. जो सावरलेला आहे त्यानें बुडालेल्याचें ओझें उचलावें, असा त्याचा रोख आहे. ते सद्गृहस्थ एकच ओळ घेऊन गेले. मागच्यापुढच्या चार ओळी वाचून गेले असते, तर बियाण्याचें पोतें घेऊन गेले असते!

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूला विचारलें होतें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोघांचेंही नव्हे म्हणून सांगितलें, हें योहानलिखित शुभवर्तमानांत आपण वाचतों.

दुसरें उदाहरण पेरणाऱ्याच्या दाखल्याचें. आमच्या काळ्या रानांत तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारा शेतकरी हा दाखला ऐकतो तेव्हां त्याला वाटतें, वाटेवर आणि खडकावर बीं टाकणारा हा माणूस किती निष्काळजी! परंतु प्रभूच्या देशांत बीं मुठीनें फोकून पेरीत असत. तेथील डोंगराळ भागांत शेतांमधून पायवाटा जात व पातळ मातीखालीं चुनखडीचा खडक असे. तो पेरणारा निष्काळजी नव्हता. त्याच्या वांट्यास आलेली जमीनच तशी होती. हें ध्यानीं आलें म्हणजे खडकाळ मनाच्या माणसावरही वचनाची मूठ उधळणारा देव किती उदार, हें आपणांस उमगतें.

कोणी म्हणेल, असला अभ्यास पंडितांनीं करावा. भाविकाला श्रद्धा पुरे. परंतु हिंगोली-वसमतच्या हळदीच्या बाजारांत पोत्याच्या तोंडाशीं दिसणाऱ्या हळकुंडावर भरंवसा ठेवून कोणी भाव बोलतो काय? आंत हात घालून पाहतोच. मग आत्म्याच्या अन्नाविषयीं आपण बेफिकीर कां असावें? पवित्र सभेनेंही हेंच शिकविलें आहे. संत जेरोम बेथलेहेमांत राहिले व यहुदी गुरूंकडून हिब्रू शिकले, तें मूळ शब्दापर्यंत पोंचण्यासाठींच. पोप पायस बारावे यांनीं 1943 सालीं आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 1965 सालीं सांगितलें कीं, पवित्र लेखकाला काय म्हणावयाचें होतें, हें त्याचा काळ व लेखनाची रीत जाणून शोधावें.

आपल्या मराठीतही ही तपश्चर्या झाली आहे. आपल्या मराठवाड्यांतच, पैठण येथें संत एकनाथांनीं शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ग्रंथाविषयींची ही निष्ठा आपणांस परकी नाहीं. पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या; तरी केडगांवीं हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं बायबल सोप्या मराठींत आणण्याचे अपार श्रम केले. 1922 सालीं त्या निवर्तल्या, त्यापूर्वीं तें काम त्यांनीं तडीस नेलें होतें. आणि आपलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें, ज्यास 2013 सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला.

तेव्हां भाविकजनहो, घरीं शुभवर्तमान उघडाल त्या वेळीं तीन प्रश्न विचारा: हें कोण बोलतो? कोणास बोलतो? आणि या ओळीच्या मागेंपुढें काय आहे? उत्तर न सांपडल्यास धर्मगुरूंस विचारा. विचारण्यांत श्रद्धेची उणीव नाहीं. आणि कोणाच्या दुःखाच्या दारीं वचन घेऊन जाल, तेव्हां तें पुरतें वाचून मगच जा.

ती माउली पुढें परत आली. कोणीतरी तिच्याजवळ बसून तो सहावा अध्याय तिला आरंभापासून वाचून दाखविला होता. या महोत्सवाच्या निमित्तानें असें वाचून दाखविणारीं माणसें आपल्यांत वाढोत, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.