टर्बो गाडीचा ईसीयू निवडताना

मालवणहून कोल्हापूरला निघालेली टर्बो पेट्रोल गाडी फोंडा घाट चढू लागली, की टर्बोने दाबून भरलेली हवा तापते. अशा वेळी ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देतं, पिस्टनही फुटू शकतो. सेन्सरची माहिती वाचून पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे ठरवतो तो ईसीयू.

ताकद वाढवायची तर कंपनीच्याच ईसीयूचा प्रोग्रॅम बदलता येतो, त्याला रीमॅप म्हणतात. पिगीबॅक पेटी स्वस्त; पण ती मूळ ईसीयूला खोटे आकडे पुरवून काम साधते, मला काही ते पटत नाही. पूर्ण स्वतंत्र ईसीयू शर्यतवाल्यांनी घ्यावा. रोजच्या गाडीला सौम्य रीमॅप पुरे, तोही ठोके ओळखणाऱ्या नॉक सेन्सरचं संरक्षण शाबूत ठेवून. शिवाय आपल्या किनाऱ्यावर खारा वारा कनेक्टरच्या पिना गंजवतो. आधी सीलबंद जोडण्या बघा, अश्वशक्ती मागाहून!

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं. तेव्हा आधी आरटीओत विचारा आणि मूळ प्रोग्रॅमची प्रत स्वतःकडे ठेवा.