गवाक्षातील स्त्री

चित्र म्हटले की ताणलेले कापड डोळ्यांपुढे येते. परंतु लाकडी फळीचा मान फार जुना आहे. रोमन अमलातील मिसर देशात ममीच्या मुखावर बसविण्यासाठी पातळ फळ्यांवर चेहरे रंगवीत. लिओनार्दोची मोनालिसाही पॉप्लर वृक्षाच्या फळीवरच आहे.

आपल्या काळात हा मार्ग अंजोली इला मेनन यांनी धरला. १९४० साली जन्मलेल्या या चित्रकर्त्रीने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ आणि नंतर पॅरिसमध्ये शिक्षण घेतले. युरोपातील मध्ययुगीन धर्मचित्रांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. त्यांचा आवडता आधार म्हणजे मेसोनाइट, लाकडाचे तंतू दाबून केलेली कठीण फळी. कापड कुंचल्याखाली लवते, फळी लवत नाही. म्हणून तैलरंगाचे पातळ थर एकावर एक देऊन ते सुक्या कुंचल्याने घोटता येतात, आणि चेहऱ्यावर जुन्या मूर्तीची झळाळी उतरते.

त्यांच्या चित्रांत स्त्री पुष्कळदा खिडकीपाशी असते. जवळ एखादा कावळा, नाहीतर रिकामी खुर्ची. ती कोणाची वाट पाहते हे चित्र सांगत नाही, आणि त्या मौनातूनच स्वप्नाचा भास होतो. टाकून दिलेल्या जुन्या खिडक्यांच्या चौकटीही त्यांनी चित्रांसाठी वापरल्या.

हे चित्रविश्व लासलगावापासून दूरचे वाटेल; पण तसे ते नाही. जवळच्या चांदवडला होळकरांच्या रंगमहालात भित्तिचित्रे आहेत, परंतु ती राजवाड्यातली. आपल्या घरांत काय आहे? बैठकीत आजोबांची तसबीर असते, आजीची क्वचितच. कांद्याच्या गाड्या बाजाराकडे जाताना ज्या खिडकीतून तिने वर्षानुवर्षे पाहिल्या, ती खिडकी घर पाडताना लाकडाच्या भावाने विकली जाते.

मेनन यांच्या स्त्रिया कष्टाच्या खुणांपासून काहीशा अलिप्त वाटतात, हे न्यून मान्य करावे लागेल. कांदा निवडणारे हात तेथे सापडणार नाहीत. तरीही निनावी स्त्रीचा चेहरा धर्मचित्राच्या योग्यतेचा आहे, एवढे त्या ठामपणे सांगतात. लासलगावच्या एखाद्या तरुण चित्रकाराने जुन्या सागवानी झडपेवर ते राहिलेले हातही रंगवावेत. त्या स्त्रिया आज आपल्यांत आहेत. त्यांची नावे विचारून घेण्याइतका अवधी अजून आहे.