एकट्या पंचविसांनी काय होणार?

(हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



गेल्या पावसाळ्यात एक आजी आजारी नातवाला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडत होती. तिने मला विचारले, "बाई, आमदार आमच्यातलाच आहे. मग साकव का होत नाही?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज प्रयत्न करते.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. त्यांतील २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. पंचवीस मतांनी काहीच मंजूर होत नाही. बाकीची मते जोडावी लागतात आणि ती बहुधा देवाणघेवाणीने जुळतात : तू माझ्या कामाला हात वर कर, मी तुझ्या कामाला करतो. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे हे सभागृहात कमी आणि पक्षाच्या बैठकीत जास्त घडते.

मत पैशाला विकणे हा गुन्हाच. सभागृहातील मतासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२४ रोजी स्पष्ट केले. पण कामासाठी काम, ही देवाणघेवाण नेहमीच वाईट नसते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९६४ मध्ये शहरांतील प्रतिनिधींना गरिबांसाठी अन्नाची कूपने हवी होती. शेतीप्रधान भागांतील प्रतिनिधींना गहू व कापूस उत्पादकांसाठी मदत हवी होती. एकट्याने कोणाचेच जमेना. मग त्यांनी एकमेकांना मते दिली आणि ८ एप्रिलला प्रतिनिधिगृहात दोन्ही विधेयके मंजूर झाली. शेतीचे विधेयक तर २११ विरुद्ध २०३ मतांनी तरले. १९७३ पासून कूपने शेतीच्या कायद्यातच गुंफली गेली. २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहाने ही गाठ सोडली, आणि लगेच अन्नमदतीत मोठी कपात करणारे वेगळे विधेयक मंजूर केले. पुढच्या वर्षी दोन्ही पुन्हा एकत्र आले, तेव्हा कपात बरीच कमी झाली. सोबती सुटला की पहिला हात गरिबाच्या ताटाला लागतो.

या व्यवहाराची दुसरी बाजूही आहे. दोघांचे जुळते आणि खर्च तिसऱ्यावर पडतो. बैठकीत ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो, तोच बहुधा हा तिसरा असतो.

आपल्याकडे रेशन टिकून आहे, कारण त्यात शेतकऱ्याचे धान्य विकले जाते आणि शहरातल्या गरिबालाही ते मिळते. साकव, आश्रमशाळा, पाड्यावरची परिचारिका यांना असे सोबती नाहीत. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

म्हणून आज मी देणगी मागत नाही. तुमच्यापैकी बहुतेक जण शहरांत राहतात. तुमचे आमदार त्या २५ जणांत नाहीत, ते उरलेल्या २६३ जणांत आहेत. अर्थसंकल्पाआधी त्यांना भेटा. आपल्या वॉर्डाचे गटार जरूर मागा, पण त्याच अर्जात विचारा, "आदिवासी विभागाच्या निधीला कात्री लागली, तर तुम्ही बोलाल का?" हा प्रश्न मतदाराने विचारला, तरच त्या बैठकीत आजीच्या बाजूने कोणी बोलेल.

पुढचा पावसाळा दूर नाही.