जपणूक दुकानातच सुरू होते



मुलांची रंगीत चित्रे कशी जपावी, असे पालक विचारतात. माझे उत्तर असे की, जपणूक कागद घेतानाच सुरू होते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवडी असे खनिज रंग निवडले. लेण्यांतल्या अंधाराने ते सुमारे 1500 वर्षे सांभाळले. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद मात्र आम्लामुळे थोड्याच वर्षांत पिवळा, ठिसूळ होतो. म्हणून सुती चिंध्यांचा, आम्लरहित कागद घ्या. स्केचपेनची शाई उजेडात लवकर विटते. खनिज जलरंग टिकतात. चौकटीत काच चित्राला टेकू देऊ नका, पावसाळ्यात ते चिकटते. ओलसर भिंत आणि ऊन टाळा. उडालेला रंग परत येत नाही. आज मुलाच्या हाती आपण जो कागद देतो, त्यावरच ते चित्र त्याची नातवंडे पाहतील की नाही, हे ठरते.