मानेचे दुखणे आणि हाताचा उपचार
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत फिजिओथेरपी विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आमच्या विभागात येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष प्रथम यंत्रांकडे जाते. ती उपयुक्त आहेतच. परंतु मान व खांद्याच्या स्नायूदुखीत आमची खरी भिस्त प्रशिक्षित हातांवर असते. त्या हातांविषयी दोन शब्द बोलावेत, अशी इच्छा आहे.

माणसाच्या मस्तकाचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. शिलाईयंत्रावर, संगणकावर किंवा मोबाईलवर मान तासन्‌तास झुकली, की हा भार मानेमागच्या स्नायूंना अखंड तोलावा लागतो. मग स्नायूत ताठर पट्टा जाणवतो आणि त्यातील एखादा बिंदू दाबताच रुग्ण कळवळतो. विशेष हे, की वेदना पुष्कळदा भलतीकडेच उमटते. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूचा वरचा भाग आखडला, तर कानशील दुखते आणि रुग्ण डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतो. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झालेल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा वेदनांचे नकाशे रेखाटले, डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. या बिंदूंच्या स्वरूपाविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. ते शोधण्यासाठी मात्र बोटांचाच आधार घ्यावा लागतो.

उपचार दिसायला साधा आहे. दुखऱ्या बिंदूवर अंगठ्याने हळूहळू दाब वाढवायचा, सोसवेल तेवढाच, आणि स्नायू सैल होईपर्यंत तो धरून ठेवायचा. त्यानंतर रुग्णाने आमच्या हाताविरुद्ध डोके अगदी हलकेच काही सेकंद रेटायचे, श्वास सोडत ढिले व्हायचे. त्या सैलपणात मान थोडी पुढच्या मर्यादेपर्यंत नेली जाते. यात झटका कोठेही नाही. जोराने रगडल्याशिवाय गुण येत नाही, हा समज चुकीचा आहे. केशकर्तनालयात मान 'मोडून' घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे, क्वचित का होईना, वैद्यकात नोंदलेली आहेत.

येथे उपस्थित कुटुंबीयांना एक विनंती. हाताला मुंग्या येणे, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे किंवा दुखण्यासोबत ताप येणे, यांपैकी काही आढळल्यास आधी डॉक्टरांकडे जावे. छाती, जबडा वा खांदा दुखून घाम फुटला, तर क्षणाचाही विलंब न करता तातडीच्या विभागात यावे. ते दुखणे हृदयाचे असू शकते.

हाताने मिळालेला आराम व्यायामाची जोड नसेल तर सहसा टिकत नाही. म्हणून तपासणी, उपचार आणि घरी करावयाचे व्यायाम शिकविणे, असा प्रत्येक रुग्णामागे अर्धा तास तरी लागतो. सहा तासांत एका भौतिकोपचारतज्ज्ञाला बाराच रुग्ण पाहता येतात. गर्दी वाढली की कात्री लागते ती व्यायाम शिकविण्याला, आणि तोच रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा रांगेत दिसतो. ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, त्याला ही दुसरी खेप परवडत नाही.

यंत्रासाठी देणगी सहज मिळते. त्यावर नावाची पाटी लावता येते. आणखी एका भौतिकोपचारतज्ज्ञाचे वेतन, एक उपचार-मेज आणि आडोशाचा पडदा यांना पाटी लागत नाही. तरीही पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात यंत्रखरेदीच्या आधी या तीन बाबींचा विचार व्हावा, अशी विभागाच्या वतीने नम्र विनंती करते.